पाचटाचं घर आणि थंडीची रात्र

मुलांनो, आधी एक कोडं सोडवा पाहू!

एका दिवसात उभं राहतं, पाच महिने पुरतं. दार आहे, पण कडी नाही. छप्पर आहे, पण भिंत नाही. आत शिरताना राजालाही मान वाकवावी लागते. ऊस संपला की घरही संपतं. ओळखा, हे घर कोणतं?

भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतल्या मुलांनी तर लगेच हात वर केले असतील. बरोबर! हे घर म्हणजे ऊसतोड कामगारांची कोपी. कुणी तिला खोपी म्हणतं, कुणी खोपट. नाव कोणतंही असो, दसरा-दिवाळी झाली की आपल्या धाराशिव जिल्ह्यातली आणि शेजारच्या बीड, अहिल्यानगर जिल्ह्यांतली हजारो कुटुंबं गावातल्या घराला कुलूप लावतात आणि पुढचे पाच-सहा महिने या कोपीत राहतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं जातं, कुणी सातारा-पुण्याकडं, तर कुणी थेट कर्नाटकात. आपल्या जिल्ह्यातही ढोकी, रांजणी, केशेगाव, चोराखळी अशा ठिकाणी साखर कारखाने आहेत. म्हणजे आपल्याकडून माणसं बाहेर जातात, तशी बाहेरची माणसं आपल्याकडंही येतात.

तुमच्या वर्गात दिवाळीनंतर काही बाक रिकामे दिसतात ना? त्या बाकांवरचे तुमचे दोस्त याच कोप्यांत असतात. आज आपण त्यांच्या त्या घराविषयीच बोलणार आहोत. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत तिथं ऊब कशी राखायची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऊब मिळवताना जीव कसा सांभाळायचा, हे समजून घेऊ. पक्क्या घरात राहणाऱ्यांनो, पान उलटू नका हं! यातला एक मोठा धोका तुमच्या न्हाणीघरातही लपून बसलेला असू शकतो. तो कोणता, ते पुढे येईलच.

कोपी कशी बांधतात?

ट्रॅक्टर नाहीतर ट्रक तळावर पोहोचला की सगळ्यात आधी सामान उतरतं. पत्र्याची पेटी, पीठ-मिठाचे डबे, भांडी, वाकळा, कोंबड्या, शेळी आणि लेकरं! मग कोपीचं काम सुरू होतं. कारखान्याकडून साधारणपणे बांबू आणि चटया मिळतात. बांबू जमिनीत रोवून, वाकवून किंवा तिरके टेकवून सांगाडा करायचा. त्यावर चटई टाकायची. चटईवर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पसरायची. वर ताडपत्री नाहीतर प्लॅस्टिकचा कागद ओढायचा आणि सुतळीनं नाहीतर चऱ्हाटानं आवळून बांधायचा. झालं घर तयार!

आत जागा किती? चार-पाच माणसं आडवी झाली की पाय ठेवायला जागा उरत नाही. त्यातच एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल, एका कोपऱ्यात पेटी, आणि बाळ असलं तर वर टांगलेली झोळी.

या घरातला दिवस पहाटे तीन-चारलाच सुरू होतो. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘एक कोयता’ म्हणतात. दोघं अंधारातच फडाकडं निघतात. ऊस तोडायचा, पाचट सोलायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. परत यायला दिवस मावळतो. अशा दमलेल्या माणसाला गाढ झोप लागणारच. आणि इथंच खरी गोम आहे! गाढ झोपेत धूर कळत नाही, ठिणगी दिसत नाही. म्हणून जी काळजी घ्यायची, ती झोपण्याआधीच घ्यायला हवी.

थंडी नेमकी येते कुठून?

आपला जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेला. दिवसा ऊन चांगलं तापतं, पण हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन भराभर थंड होते. कधी कधी पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो. फडाच्या आणि कॅनॉलच्या काठी ओल असते, त्यामुळे गारठा आणखीनच बोचतो.

आता एक गंमत सांगते. खरं पाहिलं तर थंडी आत येत नाही, आपली ऊब बाहेर जाते! आपलं शरीर म्हणजे सदतीस अंशांच्या आसपास तापलेली एक भट्टीच आहे. या भट्टीची ऊब चार वाटांनी पळते.

पहिली वाट म्हणजे जमीन. अंगावर दोन गोधड्या घेतल्या आणि खाली नुसतं पोतं टाकलं, तर रात्रभर जमीन तुमच्या पाठीतली ऊब शोषत राहते. तुमच्याच वजनानं पोतं दबतं, त्यातली हवा निघून जाते. म्हणून जाणती माणसं आधी खाली सुक्या पाचटाचा चांगला वीतभर थर घालतात, त्यावर पोतं किंवा चटई आणि मग वाकळ. थंडीत ‘वर किती’ यापेक्षा ‘खाली किती’ हे आधी बघायचं!

दुसरी वाट म्हणजे वारा. वारा ज्या बाजूनं येतो, त्या बाजूला कोपीची पाठ हवी आणि दार विरुद्ध बाजूला. हिवाळ्यात आपल्याकडं वारं बहुतेक उत्तर-पूर्वेकडून येतं. तरीही जागेवर उभं राहून मूठभर माती सोडून बघावी. माती जिकडं उडेल, तिकडं दार.

तिसरी वाट म्हणजे ओल. ओला कपडा कोरड्या कपड्याच्या कितीतरी पट वेगानं ऊब पळवतो. दिवसभर घामानं भिजलेला सदरा घालूनच झोपलं, तर पहाटे हुडहुडी भरलीच म्हणून समजा. झोपण्याचा एक कपडा वेगळा आणि कोरडा ठेवायचा. वाकळा सकाळी उन्हात टाकून जायच्या. वरच्या प्लॅस्टिकला आतून दव धरतं आणि पहाटे थेंब अंथरुणावर पडतात. म्हणून प्लॅस्टिकच्या आत चटईचा आणि पाचटाचा थर हवाच.

चौथी वाट म्हणजे आपलं उघडं अंग. डोकं, कान, हात, तळपाय उघडे राहिले की ऊब निसटते. कानटोपी आणि पायमोजे ही काही ‘शहरी फॅशन’ नाही, मुलांनो, ते पांघरूणच आहे. आजीच्या जुन्या लुगड्याची कानटोपीसुद्धा झकास होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं! ऊब देतं ते कापड नव्हे, तर कापडात अडकलेली हवा. हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. म्हणून एका जाड चादरीपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांचे थर घालून गोधडी शिवत आल्या आहेत, त्यातलं शास्त्र हेच!

पत्र्याचं मात्र उलटं. धातूतून उष्णता झपाट्यानं बाहेर जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आपल्या उमरगा-लोहारा भागातल्या कितीतरी कुटुंबांना पुढे तात्पुरत्या पत्र्याच्या निवाऱ्यात दिवस काढावे लागले. दिवसा भट्टी आणि रात्री बर्फ, असा तो पत्रा. घरच्या मोठ्यांना विचारा, ते सांगतील. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी आतून चटई, पोती किंवा पुठ्ठा बांधला तर बराच फरक पडतो. मात्र चूल आणि दिवा त्यापासून लांब हवा.

करून बघा!

स्टीलचे तीन सारखे पेले घ्या. घरातल्या मोठ्या माणसाकडून तिन्हींत सारखंच गरम पाणी ओतून घ्या. वर ताटल्या झाका. पहिला पेला तसाच फरशीवर ठेवा. दुसऱ्याला जाड फडकं गुंडाळा, पण तोही फरशीवरच ठेवा. तिसऱ्याला फडकं गुंडाळा आणि वाळक्या गवताच्या किंवा पाचटाच्या थरावर ठेवा. अर्ध्या तासानं प्रत्येकात बोट बुडवून बघा. कोणतं पाणी जास्त गरम आहे? वहीत लिहून ठेवा आणि गुरुजींना किंवा बाईंना दाखवा.

बर्फावरची कोपी

तुम्हांला वाटेल, अशी तात्पुरती घरं फक्त आपल्याकडंच असतात. तसं नाही बरं का! अमेरिकेत मिनेसोटा नावाचं राज्य आहे. हिवाळ्यात तिथं पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंतही घसरतो आणि मोठमोठी तळी वरून गोठून जातात. मग लोक त्या बर्फावर लाकडाच्या किंवा पत्र्याच्या छोट्या खोल्या नेऊन ठेवतात. बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि खोलीत बसून मासे धरायचे! मील लॅक्स नावाच्या तळ्यावर तर हिवाळ्यात अशा खोल्यांची जणू गावंच वसतात. ज्यांच्याकडं स्वतःची खोली नाही, त्यांना ती भाड्यानं मिळते. कॅनडातही हा छंद आहे.

आता विचार करा. ते मौजेसाठी जातात, आपली माणसं पोटासाठी. त्यांच्या पायाखाली बर्फ, आपल्या पायाखाली काळी माती. पण दोघांपुढचे प्रश्न अगदी सारखे आहेत. खोली लहान, बाहेर थंडी, आत विस्तव! तिथंही खोली भाड्यानं देणारे पाहुण्यांना बजावतात की शेगडी चालू असेल तर हवेची झरोकी बंद करू नका, विषारी वायूची सूचना देणारं यंत्र सुरू ठेवा. बर्फावर पाय ठेवण्याआधी त्याची जाडी मोजतात. स्वच्छ, नवा बर्फ निदान चार इंच तरी जाड असल्याशिवाय त्यावर चालू नये, असं तिथलं सरकार सांगतं.

उत्तर ध्रुवाकडचे इन्यूइट लोक बर्फाच्याच विटांचं घर बांधत, त्याला इग्लू म्हणतात. झोपायचा ओटा ते उंच ठेवत, कारण गरम हवा वर जाते आणि थंड हवा खाली उतरते. शिवाय घुमटाच्या माथ्याजवळ एक भोक ठेवत. एवढ्या थंडीत भोक कशाला? तर आतल्या दिव्याची खराब हवा बाहेर जावी म्हणून! शून्याखालच्या थंडीत राहणाऱ्यांनीसुद्धा घर कधी पूर्ण बंद केलं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

न दिसणारा शत्रू

आता येतो खरा धोका. रात्री स्वयंपाक झाला. चुलीतला जाळ विझला, पण लालभडक इंगळ तसेच आहेत. धूर मुळीच नाही. आई म्हणते, “राहू द्या घमेल्यात, लेकरांना तेवढीच ऊब.” आणि थंडी वाजते म्हणून ताडपत्री चारी बाजूंनी खाली ओढून घेतली, दाराला पोतं लावलं. सगळ्यांना वाटतं, धूर नाही तर भीती कसली?

भीती इथंच आहे! लाकूड किंवा कोळसा जळायला भरपूर हवा लागते. हवा कमी पडली की जळण अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबतही नाही. धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनही तो निघतच असतो.

हा वायू करतो काय? आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. ते फुप्फुसातून प्राणवायू घेऊन अंगभर पोचवतं, जणू प्राणवायूची बैलगाडीच! पण कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे त्या गाडीला चिकटतो. गाडी भरलेली दिसते, पण माल भलताच! मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत नाही. जागं माणूस असेल तर डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पाय लटपटतात. झोपलेल्या माणसाला मात्र काहीच कळत नाही. तो झोपेतच बेशुद्ध होतो. लहान लेकरं वजनाच्या मानानं जास्त वेगानं श्वास घेतात, म्हणून त्यांना आधी बाधा होते.

पूर्वी कोळशाच्या खाणींत हा वायू ओळखण्यासाठी माणसं पिंजऱ्यात कॅनरी नावाचा पिवळा पक्षी घेऊन जात. जॉन हाल्डेन या शास्त्रज्ञानं ही युक्ती सुचवली होती. पक्षी डळमळला की माणसांनी धावत बाहेर यायचं! इंग्लंडच्या खाणींत १९८६ पर्यंत हे पक्षी होते. मग त्यांची जागा यंत्रांनी घेतली.

हा शत्रू गरीब-श्रीमंत बघत नाही. जानेवारी २०२० मध्ये केरळमधली काही कुटुंबं नेपाळ बघायला गेली होती. दामन या थंड ठिकाणी ती एका हॉटेलात उतरली. खोली गरम करायला गॅसचा हीटर लावला, दारं-खिडक्या बंद केल्या. सकाळी त्या खोलीतली आठ माणसं बेशुद्ध सापडली आणि त्यांतलं कुणीच वाचलं नाही. त्यांत चार लहान मुलं होती. चांगलं हॉटेल, पक्क्या भिंती, पण हवेला वाट नव्हती.

आता पक्क्या घरातल्यांचं! तुमच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे का? न्हाणीघर लहान, खिडकी बंद आणि गिझर आतच असेल, तर हाच वायू तिथंही साठतो. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला असावा. बाळंतिणीच्या खोलीत ठेवायची शेगडी, बंद खोलीत चालू केलेलं जनरेटर, शटर लावून सुरू ठेवलेली गाडी, हे सगळे याच शत्रूचे भाऊबंद.

मग उपाय काय? उपाय फुकटचा आहे. झोपण्याआधी सगळे निखारे बाहेर काढायचे आणि पाणी घालून पूर्ण विझवायचे. अर्धवट नाही, पूर्ण! नुसती राख टाकून चालत नाही, राखेखाली इंगळ रात्रभर जिवंत राहतात. चूल शक्यतो कोपीच्या बाहेर, आडोशाला मांडायची. आतच मांडावी लागली तर दाराजवळ. ताडपत्री कितीही ओढली, तरी वरच्या बाजूला हातभर आणि खाली वीतभर फट कायम ठेवायची. फट आहे म्हणून निखारे आत ठेवायचे, असं मात्र करायचं नाही. फट श्वासासाठी आहे, विस्तवासाठी नाही.

एकाच कोपीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, तर ते सर्दी-पडशाचं समजू नका. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा. कुणी झोपेतून उठत नसेल तर आधी ताडपत्री उचला, मग त्याला ओढून बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात त्याला प्राणवायू लावावा लागतो. त्यामुळे “वारा लागला की बरं वाटेल” म्हणून थांबून राहायचं नाही.

पाचट म्हणजे जणू दारूगोळा

पाचट उबदार खरं, पण किती पेट घेतं ते शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको. एक ठिणगी पुरे! शिवाय तळावर कोप्या एकमेकींना खेटून असतात. एक पेटली की शेजारची पेटते. आत कपडे, वर्षाचं धान्य, उचलीतून आणलेले पैसे, शाळेचं दप्तर, सगळं असतं.

म्हणून दोन कोप्यांमध्ये बैलगाडी जाईल एवढी तरी जागा सोडायला मुकादमाला सांगावं. चुलीभोवती दोन हात जमीन झाडून, सारवून मोकळी ठेवावी. चुलीमागं ओल्या मातीचा कंबरेएवढा आडोसा केला तर उत्तमच. चिमणी किंवा मेणबत्ती आत नको, बॅटरी किंवा सौर दिवा वापरावा. दिवा लावावाच लागला, तर टांगलेला आणि काचेचा कंदील बरा. दाराशी भरलेली घागर आणि मातीची पाटी रोज रात्री हवीच.

आग लागलीच तर? सामानाला हात लावायचा नाही. आधी लेकरं, मग म्हातारी माणसं, मग आपण. धूर वर असतो, म्हणून जमिनीलगत रांगत बाहेर यायचं. दाराकडं जाळ असेल तर मागची चटई लाथेनं नाहीतर कोयत्यानं फोडून वाट करायची. कोपीला भिंत नाही, हा तिचा दोष इथं उपयोगी पडतो! कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही. पळालं की जाळ वाढतो. थांबायचं, जमिनीवर पडायचं, तोंड झाकून लोळायचं.

भाजलं तर त्या जागेवर वीस मिनिटं साधं थंड पाणी ओतत राहायचं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळद नको. फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ सुती कापडानं हलकं झाकून दवाखाना गाठायचा.

विस्तवाशिवाय ऊब

तुम्ही म्हणाल, “बाई, विस्तव बाहेर काढला तर रात्र काढायची कशी?” चला, बघू.

निजायच्या आधी पोटभर गरम खायचं. बाजरीची भाकरी, गूळ, तीळ, शेंगदाणे. संक्रांतीला आपण तीळगूळ खातो ते उगाच नाही. अन्न पचताना शरीरात ऊब तयार होते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, जाड फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवलं की अंथरूण छान उबतं. अगदी तान्ह्या बाळाजवळ मात्र बाटली ठेवू नये. त्याला आईच्या अंगाची ऊब सगळ्यात चांगली. बाळाच्या डोक्याला टोपडं हवं, पण नाक-तोंड पांघरुणाखाली जाऊ देऊ नये. लहान मुलांना मध्ये घेऊन मोठ्यांनी कडेला झोपावं.

बाबांसाठी एक गोष्ट. दारू प्यायली की ऊब येते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दारूनं कातडीकडचं रक्त वाढतं, म्हणून क्षणभर गरम वाटतं. पण शरीराची आतली ऊब त्याच वाटेनं बाहेर जाते. वर सावधपणाही जातो, तो वेगळाच.

कुणी फार गारठलं, बोलणं अडखळायला लागलं, पेंग यायला लागली, तर ओले कपडे काढून कोरड्या गोधडीत गुंडाळावं. शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यावा आणि दवाखान्यात न्यावं. विस्तवासमोर नेऊन एकदम भाजून काढू नये.

जमिनीवर झोपताना आणखी एक पाहुणा येऊ शकतो. साप! मण्यार रात्री फिरते आणि तिचा चावा पुष्कळदा कळतसुद्धा नाही. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचून झोपलं, तर डास, विंचू, साप तिघांपासून बचाव होतो. साप चावलाच तर मांत्रिकाकडं नाही, चिरा देणं नाही, करकचून बांधणं नाही. चावलेला भाग न हलवता सरळ सरकारी दवाखाना! सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथंच मिळतं.

आणि फडावर? बाळाला पाचटाच्या ढिगाआड किंवा गाडीच्या सावलीत कधीही निजवू नका. ट्रॅक्टर मागं घेताना चालकाला ते दिसत नाही. लाल फडकं बांधलेली झोळी बांधावरच्या झाडाला टांगलेली बरी.

झोपण्यापूर्वीची सात कामं

हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि कोपीच्या दाराशी लावा. घरात जे वाचायला शिकलेलं लेकरू आहे, त्यानं रोज रात्री मोठ्यानं वाचायचं!

१. निखारे बाहेर काढले का? पाणी घालून विझवले का?
२. वरची आणि खालची फट उघडी आहे का?
३. दाराशी पाण्याची घागर आणि मातीची पाटी आहे का?
४. दारातलं सामान बाजूला केलं का?
५. सगळ्यांचे कपडे कोरडे आहेत का? टोपी घातली का?
६. मच्छरदाणी खोचली का? अंथरूण झटकलं का?
७. बॅटरी आणि मोबाईल हाताशी आहेत का?

आई-बाबांसाठी दोन शब्द

लेकरांना सगळ्यात सुरक्षित ठेवायचं, तर त्यांना कोपीत न्यावंच लागू नये. म्हणूनच अनेक गावांत शाळेच्या आधारानं हंगामी वसतिगृहं चालतात. आई-बाप ऊसतोडीला गेले तरी मुलं गावातच राहतात, जेवतात, शिकतात. दिवाळीच्या आधीच मुख्याध्यापकांना जाऊन विचारा. कुणाकडं ठेवायला कुणीच नसेल आणि लेकरू न्यावंच लागलं, तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. १९९० च्या दशकापासून काही तळांवर साखरशाळा भरू लागल्या, त्यांतून कितीतरी मुलांची पाटी फुटता फुटता वाचली. आणि २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत प्रवेश द्यावाच लागतो. दाखला नाही म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. कोपीतलं मूल अडचणीत दिसलं तर १०९८ हा बालकांसाठीचा फोन क्रमांक फुकट लागतो.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक गृहपाठ! दिवाळीच्या सुट्टीआधी तुमच्या वर्गातला कोण कोण ऊसतोडीला जाणार आहे, ते विचारा. ही सात कामं सुवाच्य अक्षरात लिहून त्याच्या दप्तरात ठेवा. जमलं तर जुनी, पण धडकी कानटोपी आणि पायमोजेही द्या. अधूनमधून त्याला फोन करा. शाळेत काय शिकवलं ते सांगा आणि “निखारे विझवले का रे?” हेही न विसरता विचारा. होळीच्या सुमाराला तो परत येईल, तेव्हा त्याची बाकावरची जागा तुम्ही राखून ठेवलेली असली पाहिजे. ठेवाल ना?